लाइट गेल्यावर काय?

मागच्या शनिवारी सकाळी चहा घेत होतो तेवढ्यात आमच्या टीममधल्या एका पोराचा मेसेज आला. अंधेरीत भाड्याच्या वन-बीएचकेत राहतो, नुकतंच लग्न झालंय, आणि आता त्याला घरात समुद्र हवाय. ‘दादा, सॉल्टवॉटर टँक करतोय. यातला कुठला फिल्टर घेऊ?’ आणि खाली तीन लिंका. तिन्ही कॅनिस्टर फिल्टर. तिन्हींवर तासाला किती लिटर पाणी फिरवतो त्याचे मोठमोठे आकडे आणि तिन्हींना साधारण सारखेच तारे.

मी फोन केला आणि विचारलं, ‘लाइट गेले तर काय करणार?’

तो म्हणाला, ‘दादा, अंधेरीत लाइट जात नाहीत.’

हे वाक्य एके काळी मीही म्हटलेलं आहे. फक्त ‘अंधेरीत’च्या जागी ‘दहिसरला’ होतं. त्यानंतर मी जे काही सांगितलं ते फोनवर त्याला फार रुचलं नाही असं दिसलं, कारण त्याला मॉडेल नंबर हवा होता आणि मी प्रवचन देत होतो. म्हणून म्हटलं, सगळं नीट लिहूनच काढू. ज्यांना माशांमध्ये काडीचा रस नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्यांना तर बरंच ओळखीचं वाटेल :-)

तर झालं असं. २०१९ च्या दिवाळीत मी पहिली खाऱ्या पाण्याची टाकी लावली. त्याआधी पाच-सहा वर्षं गोड्या पाण्याचे मासे होते, गप्पी आणि मॉली वगैरे, त्यामुळे आपल्याला यातलं सगळं कळतं असा समज होता. कुर्ल्याच्या रविवारच्या मासळी बाजारात (खायची नव्हे, बघायची मासळी!) एका दुकानदाराने सांगितलं, ‘साब, ये कॅनिस्टर लगाओ, छे महिना खोलने का नहीं. पानी चेंज की टेन्शन नहीं.’ बंद डबा, टाकीखालच्या कपाटात लपतो, आवाज नाही, बायकोची तक्रार नाही. मी खूश. टाकी जेमतेम शंभर लिटरची, आणि त्यात मासे किती? दोन क्लाउनफिश, तीन डॅमसेल आणि मुलीच्या हट्टाखातर एक ब्लू टँग. म्हणजे ‘फाइंडिंग निमो’ २००३ मध्ये आला आणि त्याचं बिल मी २०१९ मध्ये भरलं. टँग हा मोठ्या जागेत पोहणारा मासा आहे, शंभर लिटरमध्ये त्याला ठेवणं म्हणजे माणसाला लिफ्टमध्ये राहायला सांगणं. पण हे तेव्हा कोणाला माहीत होतं?

वर्षभर सगळं छान चाललं. मग १२ ऑक्टोबर २०२० उजाडला. सोमवार होता. वर्क फ्रॉम होमचे दिवस, सकाळी दहाच्या सुमारास स्टँडअप चालू असताना कॉल तुटला. सगळ्यांचेच तुटले. ग्रिड कोसळून अख्खी मुंबई अंधारात गेली होती, लोकल जागच्या जागी थांबल्या होत्या. मला पहिली तासभर लॅपटॉपच्या बॅटरीची काळजी, मग मोबाइलच्या. माशांकडे लक्ष गेलं तेव्हा दुपार झाली होती. सगळे वर येऊन पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंडं उघडमीट करत होते. मी एका मगाने पाणी काढून वरून ओतत बसलो, मुलगीही दुसरा मग घेऊन आली. आम्ही दोघं तासभर ते करत होतो.

आमच्या बिल्डिंगमध्ये लाइट आले तेव्हा चार वाजून गेले होते. मासे सगळे जिवंत होते. फिल्टर घुरघुरला आणि आपोआप चालू झाला. आम्ही टाळ्या वाजवल्या. फिल्टरच्या नळीतून पहिलं पाणी आलं ते करडं होतं आणि त्याला सडक्या अंड्यासारखा वास होता. मला वाटलं, होईल थोड्या वेळात साफ. रात्री नऊपर्यंत सहातले पाच मासे गेले. एक डॅमसेल तेवढा वाचला.

म्हणजे सहा तासांच्या अंधारात जे मेले नाहीत ते उजेड आल्यावर मेले. आणि ते मारले माझ्या फिल्टरने. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. तिने विचारलं, ‘बाबा, आपण पाणी ओतत होतो ते चुकलं का?’ तिला ‘नाही’ म्हटलं, पण का नाही ते मला समजावता आलं नाही. कारण मलाच समजलं नव्हतं.

ऑफिसात प्रॉडक्शनला काही कोसळलं की आपण रूट कॉज अ‍ॅनालिसिस लिहितो. तो मी माशांसाठीही लिहिला, फक्त त्याला वेळ बराच जास्त लागला. त्याचा सारांश असा.

फिल्टर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गाळणी येते. चहाची, पिठाची. घाण एका बाजूला, स्वच्छ दुसऱ्या बाजूला. टाकीच्या फिल्टरचं ते काम खरं तर सगळ्यात कमी महत्त्वाचं. मासा श्वासावाटे आणि विष्ठेवाटे अमोनिया टाकतो. उरलेलं खाणं कुजलं की त्यातूनही अमोनियाच. अमोनिया विष. फिल्टरमधल्या स्पंजवर आणि सिरॅमिकच्या तुकड्यांवर बॅक्टेरिया वस्ती करतात. त्यातले एका जातीचे अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारी, नायट्रेट त्या मानाने सौम्य. याला नायट्रोजन सायकल म्हणतात. नव्या टाकीत ही वस्ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे जातात.

आता यात दोन गोष्टी दडलेल्या आहेत, ज्या दुकानदार सांगत नाही.

पहिली म्हणजे, हे बॅक्टेरिया जिवंत आहेत आणि त्यांना भरपूर ऑक्सिजन लागतो. कॅनिस्टर म्हणजे घट्ट झाकणाचा डबा. पंप बंद पडला की आत कोंडलेल्या पाण्यातला ऑक्सिजन ते काही तासांत संपवून टाकतात. मग ते गुदमरून मरायला लागतात, आणि ज्यांना ऑक्सिजन नको असतो असे दुसरे बॅक्टेरिया डोकं वर काढतात. त्यांच्यातले काही हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. सडक्या अंड्याचा वास तोच. आणि सहा महिने न उघडलेल्या डब्यात कुजायला माल भरपूर असतो. लाइट येतात, पंप चालू होतो आणि ते सगळं एका दमात टाकीत येतं. लाइट गेल्यावर डबा उघडून ठेवला असता किंवा चालू करण्याआधी आतलं पाणी ओतून माल खाऱ्या पाण्यात खंगाळला असता तर कदाचित माझे मासे वाचले असते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. फिल्टरने घाण नाहीशी केलीच नाही. अमोनियाचं नायट्रेट झालं, पण नायट्रेट पाण्यातच राहिलं. स्पंजमध्ये अडकलेली विष्ठा दिसेनाशी झाली, पण ती त्याच पाण्यात आहे, फक्त कपाटाच्या दाराआड. जोवर तुम्ही ती हाताने बाहेर काढत नाही तोवर ती तिथेच.

आम्हा दहिसरकरांना हे खरं तर शिकवायला नको. आमची नदीच आहे त्यासाठी. दहिसर नदी नॅशनल पार्कात तुळशी तलावाजवळून निघते आणि साधारण बारा किलोमीटर वाहून मनोरीच्या खाडीला मिळते. पार्कात ती अजूनही नदी दिसते, दगडांवरून खळखळत जाते, मधल्या डोहांत मासे असतात. त्या दगडांवरची निसरडी साय म्हणजेच तिचा फिल्टर. पार्कातला पालापाचोळा, जनावरांची घाण, सगळं ती साय पचवते. पुढे बोरिवली-दहिसरमध्ये तबेल्यांचं शेण, धोब्यांचा साबण आणि नाल्यांचं सांडपाणी तिच्यात आलं, आणि तिचं गटार झालं. बॅक्टेरिया इथेही होतेच की! पण त्यांना जेवढं झेपतं त्याच्या कैक पट माल आला, ऑक्सिजन संपला आणि पाणी काळं पडलं. फिल्टर कितीही भारी असो, वरून येणारा माल त्याच्या आवाक्याबाहेर गेला की तो हरतो. माझ्या टाकीतही वेगळं काही घडलं नव्हतं.

खाऱ्या पाण्यात हे गोड्या पाण्यापेक्षा लवकर घडतं. एक तर खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. अठ्ठावीस अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरला जास्तीत जास्त ७.८ मिलिग्रॅम, समुद्राच्या पाण्यात ६.४ च्या आसपास. पाणी जितकं गरम तितका तो आणखी कमी. परदेशातल्या पुस्तकांत टाकीला हीटर लावा म्हणून सांगतात, आमच्याकडे मे महिन्यात टाकी तिशीच्या पुढे जाते. शिवाय समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.३ असतो, आणि पीएच आणि तापमान वाढेल तसा अमोनियाचा जास्त हिस्सा विषारी रूपात राहतो. म्हणजे गप्पीच्या टाकीत जी चूक खपून जाते ती इथे खपत नाही.

आता तुम्ही म्हणाल, समुद्र तर पलीकडेच आहे, बोरिवलीहून बोटीत बसलं की गोराई. आणावं की पाणी! मीही एकदा हा विचार केला होता. पण वरचीच नदी त्या खाडीत जाते, आणि अशा किती नद्या-नाले आपल्या किनाऱ्याला मिळतात ते आपण जाणतोच. पावसाळ्यात तर किनाऱ्याजवळच्या पाण्याचा खारटपणाही उतरतो. त्यामुळे समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहून मी नळाचं पाणी आरओतून काढतो आणि त्यात विकतचं मीठ घालून समुद्र बनवतो. लिटरला ३५ ग्रॅम. हे कोणाला सांगताना अजूनही जरा लाज वाटते.

असो. मुद्द्यावर येतो. बाजारात काय काय मिळतं आणि माझं मत काय.

अंडरग्रॅव्हल. वाळूखाली जाळी, पाणी वाळूतून खाली खेचायचं. एके काळी सगळीकडे हेच असायचं. स्वस्त आहे आणि बॅक्टेरियांना जागा भरपूर. पण घाणही वाळूतच जाऊन बसते, आणि ती काढायची तर सगळी टाकी उपसावी लागते. घाण नजरेआड करणारा फिल्टर मला नको, या एका कारणावर हा बाद.

मागे अडकवायचा फिल्टर, ज्याला हँग-ऑन म्हणतात. छोट्या टाकीला वाईट नाही. उघडा असतो, हवा लागते, स्पंज एका हाताने काढून धुता येतो. लाइट गेले तर नुसता थांबतो. सत्तर-ऐंशी लिटरची टाकी आणि दोन छोटे मासे असतील तर हा आणि शिस्त, एवढं पुरतं.

कॅनिस्टर. याच्याविषयी वर बोललोच. न्याय्य बोलायचं तर दोष यंत्राचा कमी, ‘सहा महिने उघडू नका’ या सल्ल्याचा जास्त. जो माणूस दर पंधरा दिवसांनी तो उघडून धुणार आहे आणि लाइट गेल्यावर घरी असणार आहे, त्याने खुशाल घ्यावा. पण मला सांगा, आपल्यातले किती जण असे आहेत? आपण सकाळी आठ-बाराची लोकल पकडतो ते रात्री नऊला परत.

सम्प. मुख्य टाकीखाली दुसरी, उघडी टाकी. वरचं पाणी ओसंडून खाली येतं, तिथे स्पंज, सिरॅमिक, बाकीची यंत्रं, आणि एक पंप ते पाणी परत वर ढकलतो. पाणी वाढतं, हवा मिळते, आणि सगळं डोळ्यांसमोर. लाइट गेल्यावर पाणी थांबतं पण डबा बंद नसल्यामुळे कोंडून कुजत नाही. माझं मत सम्पला. पण याचाही एक सापळा आहे आणि त्यात मी पडलेलो आहे. पंप बंद झाला की परतीच्या नळीतून पाणी उलटं खाली येऊ लागतं, नळीचं तोंड उघडं पडेपर्यंत. माझ्या आताच्या टाकीचा पृष्ठभाग ९० गुणिले ४५ सेंटिमीटर. म्हणजे एक सेंटिमीटर पाणी उतरलं की चार लिटर. माझं नळीचं तोंड सहा सेंटिमीटर बुडालेलं होतं. चोवीस लिटर खाली आले, सम्पमध्ये जागा होती दहाची. उरलेला अरबी समुद्र हॉलमधून बाल्कनीकडे निघाला, आणि थोडा खालच्या काकूंच्या सिलिंगकडे. काकू वर आल्या, टाकी बघितली आणि एवढंच म्हणाल्या, ‘अरे, मासे खायचे असतात ना?’ :-) आता नळीला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली एक भोक पाडलंय. पाणी तिथवर उतरलं की नळीत हवा शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो. पाच मिनिटांचं काम होतं. ते भोक महिन्यातून एकदा ब्रशने साफ करायला लागतं, नाहीतर शेवाळ त्याला बुजवतं. आणि टाकी लावल्या दिवशी मेन स्विच बंद करून बघायचं. बॅकअप घेतला आणि रिस्टोअर कधी करूनच बघितला नाही, तर तो बॅकअप नव्हे, हे आपण ज्युनियर पोरांना सांगतोच की.

स्किमर. हा फक्त खाऱ्या पाण्याचा मानकरी. एका उभ्या नळकांड्यात अगदी बारीक बुडबुडे सोडतात. पाण्यातली प्रथिनं आणि स्निग्ध घाण बुडबुड्यांच्या पृष्ठभागाला चिकटते, फेस होऊन वर चढते आणि कपात जमा होते. पावसाळ्यात चौपाटीवर लाटांबरोबर पिवळट फेस येतो तो बघितलाय? बरंचसं तेच तत्त्व. गोड्या पाण्यात इतके बारीक बुडबुडे टिकत नाहीत, एकमेकांत मिसळून मोठे होतात, म्हणून तिथे हा चालत नाही. स्किमर मला आवडतो त्याचं कारण सरळ आहे. घाणीचा अमोनिया व्हायच्या आधीच तो तिला पाण्यातून बाहेर काढतो, आणि कपात ती तुम्हाला दिसते. चहाच्या रंगाचं, भयंकर वासाचं पाणी. दर तीन दिवसांनी मी ते फेकतो आणि प्रत्येक वेळी वाटतं, हे सगळं माशांच्या अंगावर असतं. शिवाय जाता जाता तो पाण्यात ऑक्सिजनही मिसळतो.

आणि आता लाइव्ह रॉक. हे नीट सांगायला हवं. १९६१ मध्ये इंडोनेशियातल्या ली चिन एंग नावाच्या गृहस्थांनी समुद्रातून आणलेले सच्छिद्र, जीवजंतूंनी भरलेले दगड टाकीत ठेवून, जवळपास फिल्टरशिवाय टाकी चालवून दाखवली होती. पुढे जर्मनीतल्या हौशी लोकांनी त्याला ताकदीचा स्किमर जोडला आणि ‘बर्लिन पद्धत’ जगभर गेली. पद्धत उत्तम आहे. दगडाच्या पोटात, जिथे ऑक्सिजन पोचत नाही तिथे, नायट्रेटचा नायट्रोजन वायू करणारे बॅक्टेरियाही राहतात, म्हणजे घाण खरोखरच टाकीबाहेर जाते. परदेशातला कुठलाही व्हिडिओ लावा, पहिली पायरी लाइव्ह रॉक.

पण हा दगड म्हणजे बहुतेक वेळा प्रवाळाचा सांगाडा. आणि आपल्याकडे २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत सगळे खडकनिर्माते प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्री पंखे वगैरे घातले गेले. समुद्रघोडेही त्याच वर्षी. पहिली अनुसूची म्हणजे जिथे वाघ आहे. तुमच्या लक्षात असेल, कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजी अलीजवळच्या खडकांवर प्रवाळ सापडले, तेव्हा महापालिकेलाही ते हलवायला वन खात्याची परवानगी घ्यावी लागली आणि २०२० मध्ये ते दुसरीकडे नेऊन लावले. म्हणजे हजारो कोटींच्या रस्त्याला ज्या प्रवाळासाठी थांबून विचारावं लागलं, तो आपण पिशवीत घालून हॉलमध्ये शोभेला ठेवणार? दुकानात ‘ओरिजिनल लाइव्ह रॉक है साब’ म्हणून कोणी काही दाखवलं तर सरळ पुढे व्हा. कृत्रिम सिरॅमिक दगड मिळतात. त्यांच्यावर बॅक्टेरिया बसायला जास्त आठवडे लागतात, एवढंच. माझ्या नव्या टाकीत मी तेच घातले आणि दहिसरच्या मासळी बाजारातली एक सोललेली कोळंबी आत टाकून दिली, कुजून अमोनिया व्हायला. पाच आठवडे टाकीत एकही मासा नव्हता. घरी येणारा प्रत्येक जण विचारायचा, ‘हे काय, कोळंबी पाळलीस?’

आता माझं कॉन्फिगरेशन, कारण शेवटी तुम्हाला तेच हवंय. टाकी तीन फूट बाय दीड बाय दीड, म्हणजे काठोकाठ १८० लिटर. खाली साठ लिटरचा सम्प. त्यात स्पंज, दोन-तीन किलो सिरॅमिक, स्किमर आणि परतीचा पंप. पंप २५ वॅट, स्किमर १२, लाटा करणारा पंखा ६. एकूण ४३ वॅट चोवीस तास, म्हणजे दिवसाला जवळजवळ एक युनिट, महिन्याला तीस-एकतीस. दिव्याचे दहा वेगळे. आणि या सगळ्यात माझं सर्वांत लाडकं यंत्र म्हणजे बॅटरीवर चालणारा एक छोटा एअर पंप, जो लाइट गेले की आपोआप चालू होतो. पिझ्झ्याच्या किमतीत येतो. तो २०२० मध्ये असता तर मुलीला मग घेऊन उभं राहावं लागलं नसतं.

मासे किती? तीन. दोन क्लाउनफिश आणि तो वाचलेला डॅमसेल. तो जरा मवाली आहे, पण त्याला काढून टाकायची माझी छाती नाही.

‘एवढ्या मोठ्या टाकीत तीनच?’ हे सगळे विचारतात. त्याचं उत्तर गणितात आहे. समजा तुमच्या माशांमुळे आठवड्याला ५ पीपीएम नायट्रेट वाढतं आणि तुम्ही दर रविवारी दहा टक्के पाणी बदलता. मग नायट्रेट वाढत वाढत कुठे थांबेल? जिथे दहा टक्क्यांत नेमकं ५ बाहेर जाईल तिथे. म्हणजे ५० वर. ते जास्तच आहे. २५ वर आणायचं तर दोन उपाय. एक, दर रविवारी वीस टक्के पाणी बदला, दुप्पट आरओचं पाणी, दुप्पट मीठ, दुप्पट बादल्या, जन्मभर. दोन, मासे निम्मे ठेवा. दुसऱ्याला शून्य रुपये लागतात. मी बघितलेल्या फिल्टरांतला सगळ्यात स्वस्त आणि कधीही बंद न पडणारा फिल्टर म्हणजे न घेतलेला मासा.

यावर माझ्या एका मित्राचं म्हणणं असं, की मग पाळायचेच कशाला? इतकी काळजी असेल तर समुद्रातच राहू देत की. याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. लहानपणी वडील मला मरीन ड्राइव्हला तारापोरवाला मत्स्यालयात घेऊन गेले होते. १९५१ सालची ती इमारत, आत अंधार, आणि काचेमागे हिरवट उजेडात काहीतरी सरकत होतं. समुद्र म्हणजे चौपाटी आणि भेळ एवढंच माहीत असलेल्या मुलाला त्याच्या पोटातही कोणी राहतं हे तिथे कळलं. माझ्या मुलीला ते घरी कळलं, आणि समुद्रात प्लास्टिक फेकणाऱ्याशी ती आता भांडते. हे समर्थन पुरेसं आहे का, माहीत नाही. पण एक करता येतं. समुद्रातून पकडलेला मासा न घेता टाकीत जन्मलेला मासा घ्यायचा. क्लाउनफिशची पैदास आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने कधीच साधली आहे, आणि आपल्या ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही शोभेच्या सागरी माशांची हॅचरी आहे. दुकानदाराला विचारायचं, हा कुठे जन्मला? त्याला सांगता आलं नाही तर दुसरं दुकान. आणि क्लाउनला अ‍ॅनिमोन लागतोच असं नाही, तो सिनेमात होता म्हणून घरात हवा असं काही नाही.

तर थोडक्यात काय, फिल्टर हा शेवटचा प्रश्न आहे. त्याआधीचे प्रश्न वेगळे आहेत. मासे किती? घाण टाकीतून प्रत्यक्ष बाहेर कोण काढणार, आणि आठवड्यातल्या कुठल्या दिवशी? फिल्टर उघडून बघणं इतकं सोपं आहे का, की कंटाळा आलेल्या रविवारीही मी ते करेन? आणि तो बंद पडला तर नुसता थांबेल, की उलटेल? या चारांची उत्तरं लिहून काढली की मॉडेल आपोआप ठरतं. आपण मात्र उलटं करतो. तासाला किती लिटर ते आधी बघतो, म्हणजे सगळं सुरळीत चालू असताना तो किती भारी आहे ते. सगळं सुरळीत चालू असताना कुठलाही फिल्टर भारीच असतो.

त्या पोराला मी हे चार प्रश्न पाठवून दिले. दोन दिवस काहीच उत्तर नाही. मला वाटलं, वैतागला. मग मंगळवारी रात्री मेसेज आला, ‘दादा, मेन स्विच बंद करून बसलोय. फ्रिज आणि वायफाय सोडून घरात काय काय बंद पडतं त्याची लिस्ट केली. टाकी दोन महिन्यांनी घेऊ. बॅटरीवाल्या पंपाची लिंक आहे का?’

लिंक दिली. त्याला तीन तारे होते :-)